चित्राची सुपारी

दिवाळी आली की पुण्याच्या मुलांना मातीचे वेड लागते. गेल्या वर्षीही आमच्या घरामागच्या मोकळ्या जागेत विटांचे तुकडे, दगडगोटे आणि जुनी पोती गोळा झाली आणि दोन दिवसांत एक बेलाग किल्ला उभा राहिला. बालेकिल्ल्यावर महाराज सिंहासनावर बसले, उतारांवर अळिवाचे हिरवे अंकुर तरारले, वाटांवर मातीचे मावळे पहाऱ्याला उभे राहिले. मी त्या दिवशी नुकताच मुळशीहून परतलो होतो. पायांवरची धूळही धुतली नव्हती, तोच नातवाने हात धरून किल्ला दाखवायला नेले. पायथ्याशी त्याने एक गाव वसवले होते. घरांच्या भिंतींना गेरू फासला होता आणि त्यावर पांढऱ्या रंगाने नाचणारी माणसे काढली होती. दोन त्रिकोण जोडून केलेले धड, काडीसारखे हातपाय, वर एक वाटोळे डोके.

"हे काय रे?" मी विचारले.

"मावळ्यांचं गाव आहे, आजोबा. गावात भिंतींवर अशीच चित्रं असतात."

"तू कुठं पाहिलीस?"

"सगळीकडे असतात की! हॉटेलात, बागेच्या भिंतीवर, आईच्या पिशवीवरसुद्धा."

मी हसलो, पण मनातून चपापलो. ज्या कामासाठी मी वर्षभर मुळशीला खेपा घातल्या होत्या, ते सारे काम म्हणजे या एका उत्तराशी घातलेली हुज्जत होती.

त्याचे असे झाले. माझ्या आजीचे माहेर मुळशीच्या धरणात बुडाले. ती लहान असताना पाणी आले. नंतर ती उभा जन्म पुण्यात राहिली. पण भाताचा विषय निघाला की तिला माहेरचा आंबेमोहोर आठवायचा आणि घरातला चांगला शिजलेला भातही तिला फिका वाटायचा. तिच्यामुळे मला त्या खोऱ्याची ओढ लागली. पुढे शाळेत इतिहास शिकवू लागलो तेव्हा सुट्टी मिळाली की त्या बाजूला भटकायचो. निवृत्तीनंतर पाय थकले, पण भटकणाऱ्या तरुण मंडळींमध्ये "सरांना मुळशीचं माहीत आहे" अशी माझी एक उगाच कीर्ती होऊन बसली.

या कीर्तीमुळेच दोन वर्षांपूर्वीच्या थंडीत चार तरुण माझ्याकडे आले. हल्ली शनिवार-रविवारी ताम्हिणी घाटाच्या रस्त्याला गाड्यांची रीघ लागते. पिंपरीहून अंधारबनाच्या जंगलातून भिऱ्याला उतरणारी वाट तर पावसाळ्यात जत्रेसारखी फुललेली मी स्वतः पाहिली आहे. या मंडळींना तसल्या गर्दीपासून दूर, जलाशयाच्या काठावरच्या एका वाडीपासून सह्याद्रीच्या कड्यापर्यंत जाणारी जुनी पायवाट मोकळी करायची होती. झाडी तोडायची नाही, दुकाने येऊ द्यायची नाहीत, फक्त वाट चुकू नये म्हणून जागोजाग खुणा करायच्या. हेतू चांगला होता. एका दानशूर गृहस्थांनी पैसेही देऊ केले होते. बेत असा की वाटेवर बारा फलक लावायचे, प्रत्येक फलकावर आदिवासी चित्र रंगवायचे आणि खाली मी इतिहासाच्या दोन-दोन ओळी लिहून द्यायच्या.

"चित्रं कोण काढणार?" मी विचारले.

"शहरातला एक रंगारी आहे, सर. वारली काढतो. चौरस फुटाचा दर ठरलाय. दिवाळीपर्यंत बारा पूर्ण करून देतो म्हणाला."

मी लगेच होकार दिला, हे मला कबूल केले पाहिजे. इतिहासाच्या दोन ओळी लिहायला मिळणार, या आनंदात मला दुसरे काही सुचले नाही. नमुन्याचा एक फलक घेऊन आम्ही त्या वाडीवर गेलो. वाडी कातकऱ्यांची. एक म्हातारी उंबऱ्याशी सुपात नाचणी पाखडत होती. फलक उभा करून एका तरुणाने मोठ्या उत्साहाने तिला विचारले, "आजी, कसं वाटतं चित्र? तुमचंच आहे."

म्हातारीने सूप खाली ठेवले, जवळ येऊन चित्र नीट न्याहाळले आणि म्हणाली, "ग्वाड हाय. पन ही मान्सं कुटली?"

"तुमचीच, आजी. आदिवासी."

"आमची न्हाईत," ती म्हणाली, आणि पुन्हा नाचणी पाखडायला बसली.

परतताना गाडीत कोणी फारसे बोलले नाही. मला मात्र शिक्षकपणाची लाज वाटली. मुलांची चूक दाखवून देण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याची चूक एका अक्षरशत्रू म्हातारीने दोन शब्दांत दाखवली होती. मी मंडळींना म्हटले, "मला जरा वेळ द्या. आधी हे समजून घेऊ, मग काय ते ठरवू."

तो वेळ कसा गेला ते वाचकांना सांगतो.

आपल्या भाषेत एक जुना शब्द आहे, सुपारी. आज तो शब्द ऐकला की पोलिसांची आठवण होते, पण त्याचे मूळ सोज्वळ आहे. घरात लग्न निघाले की वाजंत्र्यांना सुपारी द्यायची. कुळाचार असला की गोंधळ्यांना सुपारी द्यायची. जत्रेला तमाशाचा फड ठरवायचा तर फडमालकाच्या हातावर सुपारी ठेवायची. सुपारी देणारा स्वतः कलावंताच्या दारी जातो. ती घ्यायची की नाही हे घेणारा ठरवतो. आणि एकदा घेतली की दोघेही बांधले जातात. याने यायचे, त्याने मान राखायचा. आमच्या मंडळींनी रंगाऱ्याला दर विचारला होता, पण ज्यांची म्हणून ती चित्रे लावायची होती, त्यांच्या दारी सुपारी घेऊन कोणी गेले नव्हते. मीही नाही.

डोंगरवाटेवर कलाकृती उभी करण्याची हौस आपल्याकडे आजची नाही. याच पुणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जुन्नरजवळ नाणेघाट आहे. कोकणातून घाट चढून आलेला व्यापारी जिथे धापा टाकीत उभा राहायचा, नेमकी तिथे सातवाहनांनी लेणे खोदवले आणि त्याच्या मागच्या भिंतीत आपल्या घराण्याच्या मूर्ती कोरवल्या. सिमुक सातवाहन, राणी नागनिका, राजा सातकर्णी, कुमार आणि महारठी, अशी नावे वर ब्राह्मी अक्षरांत आहेत. बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा लेख आहे. कोणते यज्ञ केले आणि किती गाई, किती घोडे, किती कार्षापणे दक्षिणा दिली, याचा हिशेब त्यात आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचे हे वाटेवरचे प्रदर्शनच म्हणायचे. आज मूर्ती गेल्या. कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. दक्षिणा देणाऱ्यांची नावे राहिली, पण छिन्नी चालवणाऱ्याचे नाव त्यांत नाही.

त्याच घाटात पाण्याची टाकी आहेत. त्यांतल्या एकावर सोपाऱ्याच्या गोविंददास नावाच्या माणसाचा लहानसा लेख आहे. ही पोढी, म्हणजे पाण्याचे टाके, माझे दान, एवढेच तो सांगतो. राणीच्या लेखापुढे हा लेख फारच चिमुकला आहे. पण उन्हाळ्यात मी नाणेघाट चढलो तेव्हा मला गोविंददासाचीच आठवण अधिक झाली. वाटेवर काय उभारावे हे ठरवताना वाटसरूची तहान आधी बघावी, हे त्या सोपारकराला कळले होते.

दुसरे उदाहरण मुळशीला आणखी जवळचे. डोंगररांगेच्या पलीकडे, लोणावळ्याजवळ कार्ल्याचा चैत्य आहे. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तो पुरा करवला आणि साऱ्या जंबुद्वीपात असे लेणे नाही असे अभिमानाने कोरून ठेवले. पण मला मोह पडतो तो दाराजवळच्या दोन लहान लेखांचा. एकात म्हटले आहे की धेनुकाकटाच्या सिंहदत्त नावाच्या गंध्याने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दाराचे दान दिले. दुसऱ्यात म्हटले आहे की दार घडवले ते धेनुकाकटाच्याच सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने. पैसे देणारा एक, हात चालवणारा दुसरा, आणि दोघांचीही नावे दगडावर. सुताराने बापाचेही नाव घातले. दाराचे काम करून तो मजुरी घेऊन निघून गेला असता तर आज आपल्याला त्याच्या बापाचे नाव कळले नसते. सुपारी रीतसर दिली आणि रीतसर घेतली, तर त्यातून काय उरते हे मला त्या दाराशी उभे राहून कळले.

मोठ्या लेण्यांना राजे आणि श्रेष्ठी लाभले. खेड्यांनी आपली कलाकृती आपल्या ऐपतीने उभी केली. मावळात हिंडताना देवळासमोर, पिंपळाखाली, कधी शेताच्या बांधावर उभे दगड दिसतात. ते वीरगळ. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत शिवलिंगाची पूजा, आणि अगदी वर चंद्रसूर्य. बहुतेक वीरगळांवर एकही अक्षर नाही. गाईगुरे राखताना किंवा गाव राखताना कोणी पडला, त्याच्या माणसांनी पाथरवटाकडून दगड घडवून घेतला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने तो बघावा म्हणून वाटेवर उभा केला. अक्षर न येणाऱ्यांनी अक्षर न येणाऱ्यांसाठी लिहिलेला हा इतिहास आहे.

आणि वीरगळाहूनही साधा एक दगड सह्याद्रीच्या वाटांवर असतो, तो वाघोबाचा. कुठे नुसता शेंदूर फासलेला तांदळा, कुठे सपाट दगडावर वाघ, सूर्य आणि चंद्र. कुठे हीच देवता वाघजाई होऊन बसते. मुळशीतल्या तैलबैल्याहून कोकणात ठाणाळ्याकडे उतरणाऱ्या घाटाला वाघजाईचेच नाव आहे. आपण शहरात दिवाळीची सुरुवात वसुबारसेला गाईवासराच्या पूजेने करतो. त्याच दिवशी सह्याद्रीतल्या कित्येक आदिवासी पाड्यांवर वाघबारस असते. गाय पूजणारा आणि वाघ पूजणारा एकाच तिथीला दिवाळी सुरू करतो. मला ही गोष्ट फार वर्षे ठाऊक होती, पण वाटेवरच्या चित्राशी तिचा काही संबंध आहे हे त्या म्हातारीला भेटेपर्यंत सुचले नव्हते.

आता मुळशीच्या पाण्याविषयी. मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटा कंपनीने धरण बांधायला घेतले. पाणी सह्याद्रीच्या पश्चिमेला भिऱ्याकडे सोडून त्यापासून मुंबईसाठी वीज करायची, अशी योजना होती. भाताची खाचरे जाणार म्हणून मावळे उठले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट, ज्यांना या लढ्यातच लोकांनी सेनापती म्हटले, आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे पुढारी. 'जान किंवा जमीन' ही घोषणा. मोठी माणसे, बायका, पोरेही धरणाच्या पायावर जाऊन बसली. १९२४ च्या अखेरीस लढा संपला, सेनापती तुरुंगात गेले, आणि १९२७ साली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली. धरणाविरुद्धचा जगातला हा पहिला लढा असे अभ्यासक राजेंद्र व्होरा यांनी आपल्या ग्रंथाच्या नावातच म्हटले आहे.

जमिनी गेलेल्यांची ही कथा निदान लिहिली तरी गेली. पण सरकारी मोबदला कागदावर चालतो. ज्याच्या नावावर जमीन त्याला पैसे. कातकऱ्यांच्या नावावर जमीन नव्हती. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून काथ काढणारे म्हणून ते काथकरी, त्यांचेच कातकरी झाले. ज्या रानात त्यांचा उदीम होता त्या रानाचा सातबारा कुणी त्यांना दिला नव्हता. धंदा गेला, पुढे कोळसा पाडणे, मासे धरणे आणि वीटभट्टी हे त्यांच्या वाट्याला आले. आज सरकारदरबारी महाराष्ट्रातल्या अतिशय मागास अशा तीन आदिम जमातींत, कोलाम आणि माडिया गोंडांच्या बरोबर, कातकऱ्यांची गणना होते. माझ्या आजीचे माहेर बुडाले हे मी लहानपणापासून ऐकत आलो. त्याच पाण्याकाठी आणखी कुणाचे काय बुडाले हे विचारायला मला सत्तरी गाठावी लागली.

आणि आम्ही त्यांच्या वाटेवर जी चित्रे लावायला निघालो होतो ती कुणाची? वारल्यांची. वारल्यांचा मुलूख डहाणू-तलासरीकडचा, मुळशीहून पार उत्तरेला. तिथे ही चित्रे मुळात शोभेची नव्हती. लग्नघरात कुडाच्या भिंतीला गेरूचा हात द्यायचा, तांदळाचे पीठ कालवायचे, बांबूच्या काडीचे टोक चेचून त्याची कुंचली करायची, आणि सवाशिणींनी चौक लिहायचा. चौकात पालघाट देवी. धवलेरी गाणी म्हणणार, त्याशिवाय लग्न लागत नाही. लग्न झाले की चित्राचे काम झाले. भिंत पुन्हा सारवली जाई. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत भास्कर कुलकर्णी नावाचे चित्रकार तिकडे गेले. बिहारच्या दुष्काळात मधुबनीच्या बायकांना कागदावर चित्रे काढायला लावणाऱ्यांत तेही होते. वारल्यांनाही त्यांनी कागद आणि रंग दिले. गंजाडचे जिव्या सोमा म्हसे पुढे आले. जे काम बायकांचे, तेही लग्नापुरते, ते हा पुरुष रोज करू लागला. चौक बाजूला ठेवून त्याने शेत, मासेमारी, तारपा वाजवणारा आणि त्याच्याभोवती फिरणारा नाच काढला. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ मध्ये त्यांची चित्रे पॅरिसला गेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ च्या मे महिन्यात ते वारले.

म्हसे यांच्या आयुष्यातली एक हकीगत वाटा मोकळ्या करणाऱ्या आमच्या मंडळींना फार आवडली. इंग्लंडचा रिचर्ड लाँग हा शिल्पकार चालण्यालाच कला मानतो. १९६७ साली एका कुरणात तो एकाच रेषेत येरझाऱ्या घालीत राहिला. गवत दबून जी रेघ उमटली तिचे छायाचित्र जगभर गाजले. हा चालणारा माणूस वारल्यांच्या मुलुखात येऊन राहिला, आणि २००३ साली जर्मनीत ड्युसेलडोर्फच्या संग्रहालयात त्याचे आणि म्हशांचे काम शेजारी शेजारी मांडले गेले. वाट आणि चित्र यांची गाठ अशीही पडू शकते. दोन नावे एका ओळीत लिहिलेली, कार्ल्याच्या दारासारखी.

पण म्हशांच्या मागोमाग नक्कल आली. पिशव्या, पडदे, उपाहारगृहांच्या भिंती. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक निर्देशांक मिळाला, म्हणजे हे नाव आणि ही कला त्या मुलुखाची असे कायद्याने मान्य झाले. तरी आमच्यासारखे सुशिक्षित लोक मुळशीच्या कातकऱ्यांना वारल्यांचे चित्र दाखवून "तुमचंच आहे" म्हणतच होते. त्यात वारल्यांचे नुकसान होतेच, पण कातकऱ्यांचे अधिक होते. त्यांच्या घरासमोर दुसऱ्याचा चेहरा टांगून, तुमचा चेहरा हाच, असे आपण त्यांना सांगतो.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला काय घडले तेही मंडळींना सांगितले. मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात पापुन्या नावाची वसाहत आहे. सरकारने निरनिराळ्या मूळ जमाती तिथे एकत्र आणून वसवल्या होत्या. १९७१ साली तिथल्या शाळेत जेफ्री बार्डन नावाचा चित्रकलेचा शिक्षक आला. शाळेच्या भिंतीवर मोठे चित्र काढायचे ठरले तेव्हा ते काम वडीलधाऱ्यांनी हाती घेतले. विषय होता मधमुंगीच्या पुराणकथेचा. ती कथा ज्यांच्या वारशाची, त्यांची संमती आधी घेतली गेली. त्या भिंतीपासून एका मोठ्या चित्रपरंपरेचा उगम झाला. पुढे चित्रे विकली जाऊ लागली, तेव्हा दुसऱ्या जमातींच्या वृद्धांनी हरकत घेतली की यात परक्याने पाहू नये असेही काही दिसते आहे. मग चित्रकारांनी तेवढे भाग वगळले किंवा झाकले. काय दाखवायचे याइतकेच काय दाखवायचे नाही हेही त्यांनीच ठरवले. शाळेवरचे ते चित्र मात्र १९७४ साली साध्या रंगाखाली पुसले गेले. भिंत ज्यांच्या ताब्यात होती त्यांना ते जपावेसे वाटले नाही.

एवढे सारे बोलून झाल्यावर आमच्यातली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, आपण नारळ-सुपारी घेऊन जायचं." मी म्हटले, "हो. आणि ती परत मिळाली तर गुपचूप घरी यायचं."

गेलो. त्या दिवशी वाडीवर जमलेले लोक आमच्याकडे संशयानेच पाहत होते; फलक लावायला आलेल्यांचा त्यांना पूर्वी चांगला अनुभव नसावा. सुपारी ताटात तशीच पडून राहिली. वाट मोकळी झाली की गाड्या येतील, दारूच्या बाटल्या येतील, आमच्या बायांना पाणवठ्यावर जाता येणार नाही, असे एकाने तोंडावर सांगितले. आम्ही उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हते. दुसऱ्या खेपेला बोलणे निघाले ते पाण्याचे. वाटेवरचा झरा बुजला होता. तिसऱ्या खेपेला, उन्हाळ्यात, आमच्या मंडळींनी वाडीच्या माणसांबरोबर तो झरा उपसला, दगड रचून काठ बांधला आणि पाणी भरणाऱ्या बायांच्या वाटेपासून चालणाऱ्यांची वाट दूरवरून फिरवली. त्या संध्याकाळी म्हातारीने ताटातली सुपारी उचलली.

मग कळले की वाडीचा एक वाघोबा होता. रस्ता रुंद करताना तो दगड ढिगाऱ्यात गेला. त्यांना तो पुन्हा हवा होता. आम्हाला आनंद झाला. हेच तर वाटेवरचे खरे चित्र, असे आम्ही एकमेकांना म्हणालो. तोच एक वयस्क गृहस्थ म्हणाला, "वाटंवर न्हाई. देव काय फोटो काढायला हाय?" वाडीत यावर दोन दिवस वाद झाला. तरुणांना वाटत होते, दिसू द्या, लोकांना कळू द्या आम्ही इथले. म्हाताऱ्यांना ते पटत नव्हते. आम्ही त्यात तोंड घातले नाही. पापुन्याच्या वृद्धांची गोष्ट त्या वेळी माझ्या ओठांवर आली होती, पण गिळली. त्यांना माझ्या दाखल्याची गरज नव्हती.

ठरले ते असे. वाघोबा वाटेपासून आत, करवंदीच्या जाळीमागे, वाडीच्या लोकांनाच ठाऊक अशा जागी बसेल. वाटेवर उभा राहील तो एक साधा घडीव दगड. त्यावर चित्र नाही. झऱ्याची दिशा, वाडीचे नाव, कड्याकडे जाताना लागणाऱ्या टेप्यांची आणि ओढ्यांची वाडीने सांगितलेली नावे, आणि एक ओळ : इथून पुढे वाघोबाची हद्द आहे, हळू चाला. दगड घडवणारा पाथरवट वडार समाजातला, रस्त्याच्या कामावर मिळालेला. आपले नाव कोरायला तो तयार नव्हता. "गिऱ्हाइकाचं नाव असतं, साहेब," तो म्हणाला. मी त्याला कार्ल्याच्या सामी सुताराची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ छिन्नी हातात धरून बसला, मग त्याने विचारले, "बापाचं बी घातलं त्यानं?" दुसऱ्या दिवशी दगडाच्या मागच्या बाजूला खाली दोन नावे होती, त्याचे आणि त्याच्या बापाचे.

देणगीदार गृहस्थांना हे रुचले नाही. बारा रंगीत फलकांच्या जागी एक काळा दगड, आणि त्यावर त्यांचे नाव पुढच्या बाजूला नाही! त्यांनी उरलेले पैसे परत मागितले. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. त्यांनी एक मागितले होते, आम्ही दुसरेच दिले. पैसे परत केले. पाथरवटाचे आणि वाहतुकीचे मंडळींनी वर्गणी काढून भागवले. रंगाऱ्याला मात्र नमुन्याच्या फलकाचे ठरलेले पैसे चोख दिले. तो भला माणूस होता. चित्र कुणाचे हा प्रश्न त्यालाही आजवर कुणी विचारला नव्हता.

गेल्या वर्षी वाघबारसेला दगड उभा राहिला. करवंदीच्या जाळीमागे काय झाले ते मी पाहिले नाही. आम्हाला बोलावणे नव्हते. आम्ही झऱ्याकाठी बसून राहिलो. मागून नारळ फुटल्याचा आवाज आला, आणि थोड्या वेळाने म्हातारी खोबऱ्याचे तुकडे घेऊन आली. तिने दगडाच्या अक्षरांवरून हात फिरवला. "ह्यात आमच्या वाडीचं नाव कंचं?" तिने विचारले. मी बोट ठेवून दाखवले. तिने तिथे बोट ठेवले आणि जरा वेळ तसेच राहू दिले. वाटेखाली मुळशीचे पाणी उन्हात चमकत होते. त्यात माझ्या आजीचे माहेर होते, पण त्या दिवशी मला त्याची फारशी आठवण झाली नाही.

त्याच पावली मी पुण्याला आलो आणि नातवाचा किल्ला पाहिला, हे सुरुवातीला सांगितलेच आहे. मी त्याला जिव्या म्हशांची सगळी गोष्ट सांगितली. डहाणूची, तांदळाच्या पिठाची, लग्नाच्या चौकाची. त्याने मन लावून ऐकली. मग तो हिरमुसला होऊन म्हणाला, "मग मी ही पुसून टाकू?"

"पुसू नकोस," मी म्हटले. "चांगली काढली आहेस. कुणाची आहेत ते लिही म्हणजे झालं."

संध्याकाळी पणत्या लावताना पाहिले, तर किल्ल्याच्या पायथ्याशी पुठ्ठ्याची एक लहानशी पाटी होती. 'ही चित्रे वारल्यांची आहेत. डहाणूची. काढली मी.' आणि खाली स्वतःचे नाव, त्याच्यापुढे बापाचे.